सुंभ, पीळ आणि ताप : डीएनएच्या फारकतीच्या सिद्धान्ताची एक समीक्षा

देवळाली कॅम्पात 'ताप' या विषयावर बोलायला उभं राहणं हा एक गमतीचा योग आहे. इंग्रजी शब्दकोशात 'डूलाली' असा एक शब्द आहे, अर्थ डोकं फिरलेला. मायदेशी परतायच्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर इथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहत, कंटाळत, भ्रमिष्टासारखे वागत. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले. 'डूलाली' म्हणजे आपली देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. तेव्हा तापमान वाढलं की एखादी नीट बांधलेली गोष्ट कशी उसवते, हा प्रश्न या गावाला अगदीच परका नाही.

आजची उसवणारी गोष्ट म्हणजे डीएनएचा रेणू. त्याचे दोन धागे एकमेकांपासून वेगळे कसे होतात, आणि याचं जे स्पष्टीकरण सांख्यिकी भौतिकीनं दिलं आहे ते कितपत पुरतं, याची समीक्षा आपल्याला करायची आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, प्रयोगशाळेतले नव्हे. म्हणून नवा सिद्धान्त मांडणार नाही. 'स्पष्टीकरण' या शब्दाखाली नेमकं काय चालतं, कुठे ते खरं आहे आणि कुठे नुसतीच उपमा आहे, एवढं तपासू.

आधी या फारकतीशी आपला संबंध काय ते पाहू. करोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी गेली. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या आरटी-पीसीआर किटला मंजुरी मिळाली. भारतात तयार झालेलं ते पहिलं करोना चाचणी किट. मिनल दाखवे भोसले यांच्या नेतृत्वाखाली ते बनलं, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून आपण सगळ्यांनी वाचलं. त्या चाचणीत विषाणूच्या आरएनएवरून आधी डीएनए बनवतात. मग तो सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, दोन धागे सुटतात, तापमान उतरवून प्रत्येक धाग्यावर नवा जोडीदार विणतात, पुन्हा तापवतात. असे चाळीसच्या आसपास फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात दुप्पट धरली, तर चाळीस फेऱ्यांत एका रेणूचे सुमारे १.१ लाख कोटी होतात. या सगळ्या हिशेबाचा पाया एकच: तापवल्यावर धागे खात्रीनं सुटतात आणि थंड केल्यावर योग्य तिथेच जुळतात. ही खात्री कुठून येते?

शाळेत उत्तर शिकवतात ते असं. डीएनए म्हणजे पीळदार शिडी. तिच्या पायऱ्या म्हणजे बेसच्या जोड्या. ए-टीमध्ये दोन हायड्रोजन बंध, जी-सीमध्ये तीन. हे बंध नाजूक, उष्णतेनं तुटतात, आणि शिडी पँटच्या चेनसारखी उघडते. हे चित्र खोटं नाही, पण तीन ठिकाणी ते आपली दिशाभूल करतं.

पहिलं ठिकाण, बंध. बेस एकमेकांपासून सुटले तर ते काही उघडे पडत नाहीत. भोवतीच्या पाण्याशी ते तसेच हायड्रोजन बंध जोडतात. म्हणजे एका हाताचं सोडून दुसऱ्या हाताचं धरणं. निव्वळ तोटा फार होत नाही. शिडीला खरा आधार मिळतो तो एकावर एक चपट्या रचलेल्या बेसांच्या चळतीतून. पोळ्यांची चळत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक जोडी आपल्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यावर टेकलेली असते. म्हणून 'ही जोडी किती मजबूत?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'ही जोडी कोणाच्या शेजारी?' असं विचारावं लागतं.

दुसरं ठिकाण, चेन. चेन टोकाकडून उघडते आणि ओढल्याशिवाय उघडत नाही. डीएनए मधूनच उघडतो, आणि कोणी न ओढता उघडतो. साध्या तापमानालाही एखादी जोडी क्षणभर सुटते आणि परत बसते. लाखात एखाद्या वेळी, किंवा त्याहूनही कमी. तापमान चढलं की मध्येच सुटलेल्या जोड्यांचा एक पट्टा तयार होतो, त्याला बुडबुडा म्हणतात. ही हालचाल म्हणजे काही बिघाड नव्हे, तो त्या वस्तूचा स्वभावच आहे.

तिसरं ठिकाण, पीळ. चेनला पीळ नसतो. त्याकडे नंतर येऊ.

आता एक जुना वाद आठवू या. कुंभार कच्चं मडकं आव्यात घालतो. ते काळं आत जातं, लाल बाहेर येतं. अग्नीनं नेमकं काय बदललं? वैशेषिक म्हणाले, अग्नीच्या संयोगानं मडकं परमाणूंपर्यंत विघटित होतं, रंग परमाणूंत बदलतो आणि मग पुन्हा मडकं घडतं. हा पीलुपाकवाद, पीलु म्हणजे परमाणू. प्रशस्तपादांच्या भाष्यात ही प्रक्रिया तपशिलानं आली आहे. नैयायिक म्हणाले, छे, मडकं आव्यात मोडताना दिसत नाही, त्याच्यावर ठेवलेलं दुसरं मडकं खाली पडत नाही; अख्खं मडकंच भाजलं जातं. हा पिठरपाकवाद; पिठर म्हणजे भांडं. आमच्या पूर्वजांना डीएनए ठाऊक होता, असलं काही आम्ही म्हणत नाही. तशी हौस ज्यांना असेल त्यांना असो. पण प्रश्नाचा आकार तोच आहे. उष्णता अवयवांवर काम करते की अवयवीवर? एकेक जोडी स्वतंत्रपणे सुटते आणि त्यांची बेरीज म्हणजे फारकत, की अख्खा रेणूच एका क्षणी आपली अवस्था बदलतो?

प्रयोग काय सांगतो? डीएनए २६० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो, आणि धागे सुटले की हे शोषण जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी फारकत प्रकाशाच्या मापानं दिसते. १९५०च्या दशकापासून असे आलेख काढले गेले. बराच वेळ रेषा सपाट, मग काही अंशांच्या आत एकदम चढ, मग पुन्हा सपाट. चढाच्या मधल्या तापमानाला वितळणबिंदू म्हणतात. १९६२ मध्ये ज्युलियस मार्मुर आणि पॉल डोटी यांनी दाखवलं की ठरावीक क्षारतेत हा बिंदू जी-सीच्या टक्केवारीबरोबर सरळ रेषेत चढतो: ६९.३ अधिक ०.४१ गुणिले टक्केवारी. ई. कोलाय या जिवाणूचं प्रमाण सुमारे ५० टक्के, म्हणून त्याचा बिंदू ९० अंशांच्या आसपास. माणसाचं सुमारे ४१ टक्के, म्हणून ८६च्या आसपास. मीठ दहापट कमी केलं, की बिंदू सोळा-सतरा अंशांनी उतरतो.

चढ एवढा तीव्र का? इथे सांख्यिकी भौतिकी अडली, आणि अडली ती मोठ्या कारणासाठी. लेव्ह लांदाऊ यांचा एक प्रसिद्ध युक्तिवाद आहे: एका मितीत, म्हणजे नुसत्या ओळीत, जिथे प्रत्येकाचा संबंध जवळच्या शेजाऱ्याशीच आहे, तिथे खरं अवस्थांतर होऊच शकत नाही. बर्फाचं पाणी होतं तसं एकदम काही घडणार नाही. हा युक्तिवाद आपण साध्या भाषेत मांडू. हजारो माणसं हात धरून एका रांगेत उभी आहेत. रांग एका जागी तोडायला किती खर्च? एक हात सुटला, बस्स. रांग कितीही लांब असो, खर्च तेवढाच. पण तोडायच्या जागा मात्र रांगेच्या लांबीइतक्या. खर्च ठरलेला आणि संधी अगणित. मग तापमान कितीही कमी असलं तरी कुठे ना कुठे रांग तुटलेलीच असणार. म्हणजे 'पूर्ण जोडलेली' अवस्था कधी नव्हतीच. बदल हळूहळूच होणार.

इथे 'एन्ट्रॉपी' हा शब्द येतो. मराठीत त्याला सर्रास 'अव्यवस्था' म्हणतात. आम्हाला हे भाषांतर पसंत नाही. अव्यवस्था म्हटलं की पसारा डोळ्यांसमोर येतो आणि एक नैतिक नाराजी चिकटते. मूळ कल्पना मोजणीची आहे: किती प्रकारे असं असता येईल? तिला 'मोकळीक' म्हणा. जोडलेल्या धाग्यांना ऊर्जेचा फायदा आहे, पण मोकळीक कमी. सुटलेल्या धाग्यांना ऊर्जेचा तोटा, पण हजार तऱ्हांनी वळवळायची मोकळीक. तापमान म्हणजे या दोहोंतला विनिमयदर. ते चढलं की मोकळिकीचा भाव वधारतो.

मग डीएनए लांदाऊंच्या तावडीतून सुटतो कसा? याचं उत्तर १९६६ मध्ये डग्लस पोलंड आणि हॅरल्ड शेरागा यांनी दिलं, आणि आजच्या समीक्षेचा विषय मुख्यतः तीच प्रतिकृती आहे. त्यांनी म्हटलं, मध्येच सुटलेल्या पट्ट्याकडे नीट पाहा. त्याचे दोन धागे मोकळे झाले खरे, पण पूर्ण मोकळे नाहीत. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांना पुन्हा एकमेकांना भेटायचंच आहे. दोन मित्र कॅम्पच्या बाजारातून दोन दिशांना भटकायला निघाले. अट एवढीच की ठरलेल्या पावलांनंतर दोघं एकाच जागी आले पाहिजेत. भटकंती जितकी लांब, तितकी ही गाठभेट दुर्मिळ. किती दुर्मिळ? लांबीच्या एका घातानं भागा इतकी. त्या घाताला सी म्हणू.

हा सी म्हणजे साऱ्या नाटकातलं मुख्य पात्र. बुडबुड्याची किंमत त्याच्या एकूण लांबीवर अवलंबून झाली, म्हणजे दूरच्या जोड्याही एकमेकींशी बांधल्या गेल्या. 'फक्त जवळचा शेजारी' ही लांदाऊंची अट मोडली. रांग ती रांगच राहिली, पण तिच्यात दूरचे संबंध शिरले. गणित असं सांगतं: सी एकपर्यंत असेल तर अवस्थांतर नाही. एक ते दोनच्या दरम्यान असेल तर अवस्थांतर आहे, पण सावकाश. बुडबुडे वाढत वाढत जातात आणि जोडलेला भाग शून्याकडे सरकतो. दोनपेक्षा मोठा असेल तर झटका. शेवटच्या क्षणापर्यंत बराच भाग जोडलेला, आणि मग एकदम फारकत.

भटकंती अगदी स्वैर धरली तर त्रिमितीत सी होतो दीड. मायकेल फिशर यांनी १९६६ मध्येच सांगितलं की धागा स्वतःलाच छेदून जाऊ शकत नाही, ही अडचण धरा. मग सी होतो सुमारे १.७६. तरीही दोनच्या आतच. म्हणजे सिद्धान्त सांगणार सावकाश, आणि प्रयोगातला चढ तीव्र. ही विसंगती तीसहून अधिक वर्षं अंगावर वागवली गेली. २००० साली यारिव काफ्री, डेव्हिड मुकामेल आणि लुका पेलिटी यांनी म्हटलं, बुडबुडा एकटा नसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बाकीचा रेणू आहे, तोही जागा अडवतो. हे धरलं की सी होतो सुमारे २.१. दोन ओलांडलं. झटका मिळाला.

इथे पुण्यातल्या एका कामाची आठवण होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. पण फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, त्यांनी आनुवंशिकीतलं एक सूत्र प्रसिद्ध केलं, जे आजही 'कोसंबी फलन' या नावानं वापरलं जातं. गुणसूत्रावर जनुकांमधलं अंतर कसं मोजावं, याचं ते सूत्र. त्याआधी जे. बी. एस. हाल्डेन यांनी धरलं होतं की गुणसूत्रावर एका ठिकाणी अदलाबदल झाली तर शेजारच्या ठिकाणी ती होण्या-न होण्यावर काही परिणाम नाही. कोसंबींनी सूत्रात शेजारचा अटकाव आणला. विषय वेगळा, रेणू तर तेव्हा उलगडलेलाही नव्हता. पण विचाराची शिस्त तीच: ओळीतल्या घटना स्वतंत्र धरून बेरीज करू नका, शेजार मोजा. आणि पोलंड-शेरागांचं म्हणणं त्याच्याही पुढचं: नुसता शेजार नव्हे, गाठभेटीची अटही मोजा.

तेव्हा आव्यातल्या मडक्याचा वाद कसा सुटला? आमच्या मते डीएनएचं उत्तर दोघांनाही पूर्ण पटणारं नाही. एकेक जोडी स्वतंत्रपणे सुटत नाही, म्हणून पीलुपाक नव्हे. अख्खा रेणूही नेहमी एकदम सुटत नाही. लांब नैसर्गिक डीएनए हळूहळू तापवला, तर आलेखात एक चढ नसतो, लहान लहान पायऱ्या दिसतात; ए-टीनं भरलेले पट्टे आधी सुटतात, जी-सीनं भरलेले नंतर. म्हणून निव्वळ पिठरपाकही नव्हे. बदलाचं एकक मधलंच काहीतरी आहे, आणि ते किती मोठं हे तापमान, मीठ नि अक्षरांचा क्रम मिळून ठरवतात. कोणता अवयव आणि कोण अवयवी, हे वस्तूवर आधीच लिहून ठेवलेलं नाही. आम्हाला या सिद्धान्तातली सर्वांत मोलाची शिकवण हीच वाटते.

आता गुण गायले, दोषांकडे येऊ.

पहिला आक्षेप अनंताचा. 'अवस्थांतर' हा शब्द गणितात काटेकोरपणे लागू होतो तो अनंत लांबीच्या साखळीला. लॅम्डा या विषाणूचा डीएनए ४८,५०२ जोड्यांचा आहे; किटमध्ये ज्यांच्या प्रती काढतात ते तुकडे तर काहीशे किंवा त्याहून कमी जोड्यांचे. मग झटका की सावकाश, हा वाद कोणाबद्दल आहे? आमचं म्हणणं असं नाही की अनंत खोटं आहे. भूमितीतली रुंदी नसलेली रेषाही कुठे सापडत नाही, तरी तिच्यावाचून घर बांधता येत नाही. आक्षेप एवढाच: आदर्शाचा गुण वस्तूच्या नावावर चढवू नये. 'डीएनएचा सी २.१ आहे' हे वाक्य डीएनएबद्दल नाही. एकसारख्या जोड्यांच्या, अनंत लांबीच्या, पीळ नसलेल्या एका कल्पित धाग्याबद्दल ते आहे.

दुसरा आक्षेप सरासरीचा. आलेख म्हणतो, या तापमानाला निम्म्या जोड्या सुटल्या. पण निम्म्या म्हणजे कशा? निम्मे रेणू पूर्ण सुटलेले आणि निम्मे पूर्ण जोडलेले? की प्रत्येक रेणू अर्धवट सुटलेला? प्रकाशाचं माप दोन्ही बाबतींत सारखंच येतं. ही दोन वेगळी जगं आहेत आणि सरासरी त्यांना एकच चेहरा देते. २००३ मध्ये जिओवान्नी झोकी आणि सहकाऱ्यांनी लहान तुकड्यांवर युक्ती केली: तापलेला नमुना झटकन थंड करायचा, म्हणजे पूर्ण सुटलेले धागे स्वतःवरच दुमडून बसतात आणि वेगळे मोजता येतात. अशा रीतीनं अर्धवट अवस्था पकडता येते. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं यातून घ्यायचं ते हे की आकड्यावरून वस्तुस्थितीकडे जाताना मध्ये एक प्रश्न नेहमी विचारायचा: हा आकडा आणखी कोणत्या वस्तुस्थितीतून आला असता?

तिसरा आक्षेप उतावळेपणाचा. पोलंड-शेरागांच्या जोडीला १९८९ पासून मिशेल पेरार आणि ॲलन बिशप यांची दुसरी प्रतिकृती आहे. तिच्यात प्रत्येक जोडी स्प्रिंगसारखी ताणली जाते. २००४ मध्ये या प्रतिकृतीवरून दावा झाला की आपोआप होणारे बुडबुडे नेमके तिथे फुगतात जिथून जनुकाचं वाचन सुरू होतं. किती मोहक कल्पना! पण २००५ मध्ये टिटुस व्हान एर्प यांच्याबरोबर खुद्द पेरार यांनीच काटेकोर गणित करून विचारलं, बुडबुड्यांवरून वाचनाची सुरुवात ओळखता येते का? उत्तर नकारार्थी आलं. आपल्याच प्रतिकृतीच्या नावावर जमा होऊ पाहणारं यश ज्यानं तपासून नाकारलं, त्याला आम्ही नमस्कार करतो. समीक्षा म्हणतात ती याला.

चौथा आक्षेप सर्वांत जड, आणि तो म्हणजे पीळ. आपल्याकडे म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माणसाच्या अहंकारासाठी वापरली जाणारी ही म्हण डीएनएला शब्दशः लागू आहे. साडेदहा जोड्यांमागे एक वेढा. ई. कोलायच्या सुमारे ४६ लाख जोड्या, म्हणजे जवळपास ४.४ लाख वेढे. आणि त्याचा डीएनए वर्तुळाकार, टोकच नाही. तापवून सगळ्या जोड्या तोडल्या तरी दोन कड्या एकमेकींत अडकलेल्याच राहतील. जोड्या तुटणं आणि फारकत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पोलंड-शेरागांच्या मूळ गणितात हा फरकच नाही; त्यांच्या धाग्याला पीळ नाही.

हा प्रश्न नवा नाही. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्येच ही अडचण कबूल केली होती. १९५४ मध्ये मॅक्स डेलब्रुक यांनी तिच्यावर बोट ठेवलं. ती इतकी बोचत होती की १९७०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रॉडली आणि आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. शशिशेखरन यांच्या गटानं वेगळी रचनाच सुचवली: धागे एकमेकांभोवती गुंडाळलेले नाहीतच, ते शेजारी शेजारी आहेत, थोडे इकडे वळतात, थोडे तिकडे. म्हणजे सोडवायचा पीळच नाही! १९७९ मध्ये क्रिक, वांग आणि बाउअर यांनी वर्तुळाकार डीएनएवरच्या प्रयोगांच्या आधारे दाखवलं की धागे खरोखर गुंफलेले आहेत. पुढे स्फटिकांच्या अभ्यासातूनही दुहेरी सर्पिलच दिसलं. शेजारी-शेजारी रचना हरली. पण आम्ही तिला हास्यास्पद म्हणणार नाही. बहुसंख्य लोक ज्या अडचणीकडे काणाडोळा करून पुढे गेले, तिच्याकडे या मंडळींनी रोखून पाहिलं. त्यांचा प्रश्न खरा होता, उत्तर चुकलं.

खरं उत्तर पेशीपाशी होतं. १९७१ मध्ये जेम्स वांग यांनी असं विकर शोधलं जे धागा क्षणभर कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा सांधतं. या कुळाला टोपोआयसोमरेज म्हणतात. ई. कोलायमध्ये प्रत काढणारं यंत्र सेकंदाला हजाराच्या आसपास जोड्या ओलांडतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ९५ वेढे सोडवायचे. आणि हे सगळं ३७ अंशांना! पेशी काही ९० अंशांची वाट पाहत नाही. हेलिकेज नावाची विकरं एटीपीचं इंधन जाळून धागे वेगळे करतात. १९९७ मध्ये फ्रान्समध्ये लॅम्डाच्या डीएनएचे धागे नुसत्या ओढीनं वेगळे करून बळ मोजलं गेलं, ते दहा-पंधरा पिकोन्यूटनच्या घरात आलं. २००० साली भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेतल्या सोमेंद्र मोहन भट्टाचार्जी यांनी दाखवलं की ओढीनं होणारी ही फारकतही एक अवस्थांतरच आहे, ठरावीक बळाखाली मिटलेली, वर गेलं की उघडलेली. म्हणजे ताप हा फारकतीचा एकमेव मार्ग नव्हे.

याची दुसरी बाजूही पाहा. आपल्याकडे वज्रेश्वरी, उनपदेव इथे गरम पाण्याचे झरे आहेत. जगात काही सूक्ष्मजीव याहून कितीतरी तप्त, पाणी उकळण्याच्या बिंदूजवळच्या जागी राहतात. मार्मुर-डोटी सूत्रानं त्यांचा डीएनए सुटायलाच हवा. १९९४ मध्ये मार्गे आणि फोर्टेर यांनी दाखवलं की टोकं बंद असलेला, म्हणजे पीळ निसटू न देणारा डीएनए १०७ अंशांपर्यंतही टिकतो. जो पीळ प्रत काढताना डोकेदुखी, तोच उकळत्या पाण्यात आधार. सूत्र चुकलं नाही. ते सुट्या टोकांच्या धाग्यासाठी होतं. सूत्राच्या पोटात दडलेल्या अटी वाचणं हेच समीक्षकाचं काम.

मग या सिद्धान्ताचं शेवटी मोल काय? तो भाव सांगतो. कुठला पट्टा उघडायला स्वस्त, कुठला महाग. ई. कोलाय आपली प्रत जिथून काढायला सुरुवात करतो तिथे ए-टीचे पट्टे आहेत, हा योगायोग नाही. पण भाव कळला म्हणजे खरेदी कोण, केव्हा, कशासाठी करणार हे कळत नाही. ते पेशीचं अर्थकारण आहे, तिथे इतिहास आहे, उत्क्रांती आहे. भौतिकी त्याला मर्यादा घालते, त्याची जागा घेत नाही.

आणि आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच केला ते सांगतो. आजकाल भाषणांत, बातम्यांत, लग्न जुळवतानाच्या बैठकीतही एक वाक्य कानावर पडतं: 'ते त्यांच्या डीएनएतच आहे.' भ्रष्टाचार डीएनएत, शौर्य डीएनएत, एखाद्या जातीचा स्वभाव डीएनएत. पूर्वी या जागी 'रक्त' होतं, त्याआधी 'प्रारब्ध'. शब्द बदलला, माणसाला जन्माशी खिळवून टाकायची सवय तीच. विज्ञानाचा शब्द उसना घेऊन तिला नवं कातडं मिळालं, एवढंच. आपण आज जो रेणू पाहिला तो असा आहे का? तो सतत हलतो, उघडतो, मिटतो. त्याचं वागणं मिठावर, तापावर, शेजाऱ्यावर, पिळावर ठरतं. अक्षरं महत्त्वाची आहेत, नक्कीच. जी-सीची टक्केवारी आपण पाहिलीच. पण 'हा धागा किती अंशांना सुटेल?' इतक्या साध्या प्रश्नालाही नुसत्या अक्षरांवरून उत्तर देता येत नाही. किती मिठात, किती लांब, टोकं बंद की उघडी, हे विचारावंच लागतं. ज्या रेणूला स्वतःचा वितळणबिंदू एकट्यानं ठरवता येत नाही, त्याच्या गळ्यात माणसाचं चारित्र्य मारणारे आपण कोण?

वेळ होत आला. एक-दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, ताप आला की आपला डीएनए उसवतो का?)

छान प्रश्न. अंगात १०४ फॅरनहाइट ताप म्हणजे ४० अंश सेल्सिअस. मघाच्या सूत्रानं माणसाचा बिंदू ८६च्या आसपास. मधलं अंतर भरपूर आहे, तेव्हा फारकत होत नाही. बुडबुडे किंचित अधिक फुगत-मिटत असतील, एवढंच. तापात माणूस बरळतो ते इतर कारणांनी. त्यासाठी डॉक्टरांकडे जा, भौतिकीकडे नको.

(श्रोत्यांतून प्रश्न : थंड केल्यावर प्रत्येक धाग्याला आपलाच जोडीदार सापडतो, तो कसा?)

शोधून. धागे एकमेकांवर आदळतात, चुकीचं जुळलं तर ते टिकत नाही, सुटतं. योग्य जुळलं की शेजारच्या जोड्या भराभर बसत जातात. पण त्याला वेळ द्यावा लागतो. तापमान हळूहळू उतरवलं तर जुळणी नीट होते, एकदम बर्फात टाकलं तर धागे चुकीच्या ठिकाणी दुमडून अडकतात. म्हणजे जी उष्णता जोडी तोडते, तीच बेताची असेल तर चुकीची जोडी सोडवून योग्य जोडी लावायला मदत करते. तापाला नुसतं विध्वंसक समजू नका, असं आमचं सांगणं आहे.

इथे थांबतो.